दोन फेऱ्यांचा पुरावा

हेड खोलून काम झालं, कॅमशाफ्ट जागेवर परत बसला, स्प्रॉकेटवरची खूण हेडच्या कडेशी जुळली, चेन ताणली गेली, कव्हरचे बोल्ट आवळले. सेल मारला, गाडी सुरू झाली. आपल्याकडच्या कितीतरी गॅरेजांत काम इथं संपतं आणि चावी गिऱ्हाइकाच्या हातात जाते. माझं म्हणणं असं, की काम इथं संपत नाही. खुणा जुळल्या यावरून टायमिंग जुळलं हे सिद्ध होत नाही, आणि गाडी सुरू झाली यावरून तर मुळीच होत नाही. कॅम बरोबर बसल्याचा खरा पुरावा मिळतो तो टेन्शनर बसवल्यावर: प्लग काढून ठेवायचा, क्रँकच्या नटाला पाना लावायचा, इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचे आणि सगळ्या खुणा पहिल्यापासून पुन्हा बघायच्या. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ही पायरी एखाद्या ओळीत उरकलेली असते, म्हणून ती सहज सुटते. पण ती सुटण्यामागं निव्वळ आळस आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. ती अनावश्यक वाटावी अशी कारणं खरोखरच आहेत, आणि त्यातली काही वरवर पाहता चांगली पटणारीही आहेत.

आधी चूक केवढी असते ते पाहू. फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं एवढं सगळं व्हायला क्रँकचे दोन फेरे लागतात. या दोन फेऱ्यांत प्रत्येक वॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो, म्हणून कॅम क्रँकच्या निम्म्या गतीनं फिरतो आणि कॅमच्या स्प्रॉकेटला क्रँकच्या स्प्रॉकेटच्या दुप्पट दात असतात. समजा कॅमला ३२ दात आहेत आणि क्रँकला १६. चेन एका दातानं पुढंमागं बसली तर कॅम सव्वाअकरा अंशांनी चुकला, आणि क्रँकच्या हिशेबानं साडेबावीस अंशांनी. दात कमी असतील तर हा आकडा आणखी वाढतो. २८ दातांच्या स्प्रॉकेटला तो जवळजवळ २६ अंशांवर जातो. इथं थोडीशी चूक असा प्रकारच नाही. चेन दातांवरच बसते, दोन दातांच्या मध्ये बसत नाही. त्यामुळं टायमिंग एक तर बरोबर असतं किंवा एकदम वीस-पंचवीस अंशांनी चुकलेलं असतं.

आता या साडेबावीस अंशांचा पिस्टनच्या भाषेत अर्थ काय, ते एका उदाहरणानं स्पष्ट होईल. १९८५ साली आलेल्या हीरो होंडा सीडी १०० च्या इंजिनाचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर. तेवढाच स्ट्रोक असलेलं एक इंजिन धरू. त्याचा इनटेक वॉल्व्ह, पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाल्यावर क्रँकच्या ४० अंशांना बंद होतो असं मानू. तोवर पिस्टन सव्वाचार-साडेचार मिलिमीटर वर आलेला असतो. कॅम एक दात मागं बसला तर तोच वॉल्व्ह साडेबासष्ट अंशांना बंद होईल, आणि तेव्हा पिस्टन सुमारे साडेदहा मिलिमीटर वर आलेला असेल. म्हणजे दाबण्याच्या स्ट्रोकचा पाचवा हिस्सा वॉल्व्ह उघडा असतानाच सरतो, आणि आत आलेलं मिश्रण पिस्टन उलट कार्ब्युरेटरकडं ढकलत राहतो. कॉम्प्रेशन गेज लावलं तर काटा खाली राहणार. आणि खाली राहिलेला काटा पाहून आपल्याकडं पहिला संशय कुणावर जातो? रिंगांवर. मग बोअर-पिस्टनचं काम निघतं, लेथवाल्याकडं सिलिंडर जातो, नवा पिस्टन येतो, गिऱ्हाइकाचे पैसे जातात. सगळं जोडताना चेन पुन्हा त्याच सवयीनं बसवली, तर एवढं करूनही काटा तिथंच. एका दाताची चूक धोकादायक ठरते ती इथं. ती नेहमीच इंजिन मोडत नाही, पण भलत्याच आजाराचं सोंग घेते.

यावर अनुभवी मेकॅनिकचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: इतकी चूक असेल तर आवाजावरून कळणार नाही का? वर्षानुवर्षं इंजिनं ऐकलेल्या कानाला टप्पेटचा आवाज, चेनचा आवाज, पिस्टनचा आवाज वेगळा कळतो, यात शंका नाही. पण कॅम एक दात मागं असल्याचा स्वतंत्र आवाज नसतो. त्यातून गाडी तपासायची आपली पद्धत अशी की चूक नेमकी झाकली जावी. गॅरेजच्या दारात गाडी स्टँडवर लावून ॲक्सिलरेटर पिळला जातो. इंजिनावर भार नसतो आणि आरपीएम चढलेले असतात. चढ्या आरपीएमला आत येणाऱ्या हवेला स्वतःचा जोर असतो; पिस्टन वर यायला लागला तरी ती काही काळ आत शिरतच राहते, आणि उशिरा बंद होणाऱ्या वॉल्व्हचा तोटा तिथं कमी जाणवतो. रेसच्या इंजिनांना मुद्दाम उशिरा बंद होणारे कॅम देतात ते याचसाठी. तोटा दिसतो तो खालच्या आरपीएमला, भार असताना: घाटात तिसऱ्या गिअरवर, मागं माणूस बसलेला असताना, सिग्नलवरून निघताना. म्हणून गिऱ्हाईक चार दिवसांनी परत येऊन म्हणतं, ‘गाडी उचलत नाही’. आणि मेकॅनिक पुन्हा स्टँडवर पिळून दाखवतो की बघा, कशी खणखणीत आहे. दोघंही खरं बोलत असतात.

‘सुरू झाली म्हणजे बरोबर बसली’ हा निकष आला कुठून, याचाही विचार करायला हवा, कारण एकेकाळी तो बराचसा बरोबर होता. महाराष्ट्रातल्या दुचाकी मेकॅनिकांच्या किमान एका पिढीचा हात टू-स्ट्रोकवर बसला. आकुर्डीहून निघालेली चेतक, राजदूत, येझदी, पुढं आरएक्स १००: यातल्या एकाही इंजिनात कॅम नाही की कॅमनं उघडणारा वॉल्व्ह नाही. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं म्हणजेच दारं, आणि ती कधी उघडणार, कधी मिटणार हे कारखान्यात ओतकाम झालं तेव्हाच ठरलेलं. मेकॅनिकनं पिस्टन उलटा बसवला नाही, रिंगा पिनांत नीट बसवल्या आणि पॉइंटचं टायमिंग लावलं की बाकीचं इंजिन स्वतःच बरोबर असे. अशा इंजिनाला किक मारल्यावर ते सुरू झालं तर जोडणी बरोबर आहे असं मानणं रास्त होतं. त्याच्या बरोबरीला बुलेट होती. ती फोर-स्ट्रोक, पण तिचे कॅम खाली, क्रँकशेजारी आणि गिअरवर चालणारे. गिअरला ढील नसते. दाताला दात लागला आणि खूण खुणेला भिडली की विषय मिटला. १९८५ नंतर सीडी १००, पुढं स्प्लेंडर, २००१ मध्ये पल्सर अशा गाड्यांनी रस्ता भरला तेव्हा कॅम डोक्यावर गेला, आणि त्याच्या आणि क्रँकच्या मध्ये एक लांब, लवचीक चेन आली. खुणा वाचायची सवय बुलेटवरून आली, सुरू करून बघायची सवय टू-स्ट्रोकवरून. नव्या इंजिनाला या दोन्ही सवयी अपुऱ्या होत्या, पण तसं कुणी मोठ्यानं सांगितलं नाही. हे माझं अनुमान आहे. तरी इंजिनांचा क्रम आणि चुकीचा प्रकार इतका जुळतो की दुसरं स्पष्टीकरण शोधावंसं वाटत नाही.

चेन आल्यानं नेमकं काय बदललं, ते जवळून पाहायला सुझुकीची जीएस ७५० चांगली. १९७६ सालची ही गाडी आपल्या रस्त्यांवर फारशी दिसली नाही. पण दोन कॅम, चार सिलिंडर, मधोमध चेन, मागं टेन्शनर ही तिची मांडणी इतकी सरळ आहे की सगळं कारण उघडं पडतं. शिवाय ती बनवणारी कंपनीही तोवर टू-स्ट्रोकमध्ये मुरलेली होती, हा योगायोग मजेशीर. तिचे कॅम बसवायची रीत अशी: आधी उजव्या बाजूच्या इग्निशनच्या कव्हराखाली दिसणारी १-४ सिलिंडरची ‘टी’ खूण स्थिर खुणेसमोर आणायची. मग एक्झॉस्टचा कॅम. त्याच्या स्प्रॉकेटवर १ आणि २ आकड्यांचे बाण आहेत. एकचा बाण पुढं, हेडच्या कव्हर बसतं त्या सपाट कडेच्या रेषेत आला पाहिजे. तसा आला की दोनचा बाण वर बघतो. आता या दोनच्या बाणावर चेनची जी पिन आली तिला एक धरून मागं मोजत जायचं, आणि विसावी पिन इनटेकच्या स्प्रॉकेटवरच्या तीनच्या बाणावर यायला हवी. वीस. एकोणीस नाही, एकवीस नाही. या मोजणीत घोळ होतो तो बहुधा पहिल्याच पिनेला, कारण बाणावरची पिन एक की तिच्या पुढची, असा प्रश्न पडतो. बाणावरची पिन एक.

इतकं चोख सांगून ठेवल्यावर चूक व्हायला जागा कुठं उरते? ती उरते चेनच्या ढिलीत. या इंजिनाचा क्रँक चाकांच्याच दिशेनं पुढं फिरतो, म्हणून तो चेनची पुढची बाजू, एक्झॉस्टकडची, खाली खेचतो. चालू इंजिनात पुढची बाजू कायम ताणलेली, दोन कॅममधला वरचा तुकडा ताणलेला, आणि सगळी ढील मागच्या बाजूला, जिथं टेन्शनर तिला दाबून ठेवतो. पण कॅम बसवताना टेन्शनर काढलेला असतो. तेव्हा ढील कुठंही असू शकते. एक्झॉस्टचा कॅम बसवताना पुढची बाजू हातानं वर खेचून ताठ केली नसेल तर ढील तिथं, पुढच्या बाजूला, लपून राहते. बाण कडेला लागलेला दिसतो, वीस पिना बरोबर मोजल्या जातात, सगळं चित्रासारखं. मग मागं टेन्शनर बसतो, चेन मागं ओढतो, आणि दोन्ही कॅम मागं फिरत जातात, पुढची ढील संपेपर्यंत. खुणा जुळवल्या तेव्हा जुळलेल्याच होत्या. टेन्शनर लागल्यावर त्या सरकल्या, आणि तोवर बघणाऱ्याचं लक्ष कव्हरकडं गेलेलं होतं. या प्रकारात कॅम नेहमी मागंच जातो, पुढं जात नाही. म्हणजे मघाशी सांगितलेला उशिरा मिटणारा वॉल्व्ह आणि खाली राहिलेला कॉम्प्रेशनचा काटा, हा योगायोगानं होणारा प्रकार नव्हे. सर्वांत सोप्या निष्काळजीपणाचा तो सर्वांत स्वाभाविक परिणाम आहे.

हातानं दिलेले दोन फेरे नेमकी हीच गोष्ट उघड करतात. क्रँक फिरला की तो स्वतःच पुढची बाजू ताणतो, ढील मागं जाते, टेन्शनर ती घेतो, आणि चेन चालू इंजिनात असते तशीच येऊन बसते. दोन फेऱ्यांनी कॅमचा एक फेरा पूर्ण होतो, म्हणून बाण पुन्हा आपापल्या जागी यायला हवेत. न आल्यास चूक हातात असतानाच सापडते. एक बारीक गोष्ट इथं ध्यानात ठेवावी. काही चेनना जुळणीसाठी दोन-तीन रंगीत कड्या असतात. दोन फेऱ्यांनी त्या परत जागेवर येत नाहीत, कारण चेनच्या एकूण कड्या आणि दातांची संख्या यांचा मेळ बसायला बरेच फेरे लागतात. रंगीत कड्या हलल्या म्हणून घाबरून बरोबर लागलेलं टायमिंग उलटंपालटं करायचं कारण नाही. बघायचं ते स्प्रॉकेटवरच्या खुणांकडं.

फेरे देताना पाना कुठं लावायचा यालाही महत्त्व आहे. जीएससारख्या गाड्यांत टोकाला बारीक बोल्ट आणि त्यामागं मोठा षट्कोन असतो; जोर मोठ्या षट्कोनाला द्यायचा, बारीक बोल्ट पिळून तुटतो. हात हळू चालवायचा, आणि कुठं ठाम अडथळा लागला तर तिथंच थांबायचं. ‘जरा जोर लावून बघू’ हे वाक्य इथं सर्वांत महाग. एक्झॉस्ट वॉल्व्ह मिटत असताना पिस्टन त्याच्या मागोमाग वर येत असतो, आणि इनटेक उघडायला लागतो तेव्हा पिस्टन नुकताच खाली निघालेला असतो. टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो त्या बिंदूच्या, दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा अंशांवर वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात, आणि मधलं अंतर बहुतेक इंजिनांत फार तर एक-दोन मिलिमीटर. एक्झॉस्ट मागं गेला किंवा इनटेक पुढं आला तर हे अंतर संपतं. हातानं फिरवताना वॉल्व्ह पिस्टनला टेकला तर पान्याला तो जाणवतो आणि नुकसान होत नाही. सेलच्या मोटरला काहीच जाणवत नाही. ती वॉल्व्ह वाकवून पुढं जाते. ‘सेल मारून बघू, चूक असली तर कळेलच’ असं म्हणणाऱ्याला एवढंच उत्तर पुरे, की कळेल, पण वाकलेल्या वॉल्व्हवरून. दोन कॅम आणि चार वॉल्व्हचं इंजिन आता चाकणमध्ये बनणाऱ्या ड्यूकसारख्या गाड्यांतून तालुक्याच्या गावांतही पोचलं आहे. अशा हेडचं काम निघालं तर नुकसान चार आकड्यांत थांबेलच असं नाही.

कॅमच्या कॅपांबद्दल थोडं, कारण तिथंही टायमिंग निसटतं. छोट्या सिंगल सिलिंडर गाड्यांत बऱ्याचदा कॅमच्या टोकांना बॉल बेअरिंग असतात, तिथं हा प्रश्न फारसा येत नाही. जीएससारख्या हेडमध्ये मात्र वेगळं बेअरिंग नाहीच. हेडचं आणि कॅपचं ॲल्युमिनियम हेच बेअरिंग, आणि दोन्ही एकत्र बसवून कारखान्यात एकाच वेळी कोरलेलं. म्हणून प्रत्येक कॅप आपल्याच जागी आणि आपल्याच दिशेनं; दुसऱ्या हेडची कॅप इथं चालत नाही. कॅम ठेवला की त्याचे काही लोब वॉल्व्हच्या स्प्रिंगवर टेकतात आणि कॅम तिरका उभा राहतो. एकच बोल्ट आवळत नेला तर कॅप तडकते किंवा ॲल्युमिनियममधल्या आट्या निघून येतात. सगळे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळत कॅम सपाट उतरवायचा, आणि शेवटी टॉर्क पान्यानं. हे ६ मिलिमीटरचे बोल्ट. त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, आणि सवयीचा हात त्याहून बराच जोर लावतो. या आवळण्यात स्प्रिंगच्या दाबानं कॅम थोडा वळू पाहतो आणि सैल चेन गुपचूप एक दात उडी मारते. म्हणून पिना कॅप आवळण्याआधी मोजल्या असल्या तरी आवळल्यावर पुन्हा मोजायच्या. कॅमच्या बैठकींना आणि लोबना तेल लावलेलं असावं हे सांगायला नको. पहिले काही क्षण पंपाचं तेल वर पोचायच्या आत कॅम त्यावरच फिरतो. जीएसमध्ये बकेटवर शिम असतो, त्याला ०.०३ ते ०.०८ मिलिमीटर फट हवी, आणि शिम नसताना कॅम फिरवला तर लोब बकेटची कड खरवडतो. तेव्हा फेरे देण्याआधी सगळे शिम आपापल्या जागी आहेत याची खात्री करावी.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. खोलतानाच चेन आणि स्प्रॉकेट प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून ठेवली, किंवा दातावर आणि कडीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, तर बसवताना चूक होईलच कशी? ही युक्ती चांगली आहे आणि ती करूच नये असं कुणी म्हणणार नाही. पण ती दोन गोष्टी गृहीत धरते. एक, वरचं बांधून ठेवलं असताना खाली क्रँकवर चेन हलली नाही. वरून चेन सैल सुटली की ती खाली क्रँकच्या दातांवरून घसरू शकते, आणि तिथं डोळा पोचत नाही. म्हणूनच चेन तारेनं वर ताणून बांधून ठेवायची असते आणि टेन्शनर काढलेला असताना क्रँक उलटा फिरवायचा नसतो. दोन, ठिपका देताना इंजिन बरोबर होतं. आपल्या हातात येणारी जुनी गाडी याआधी किती हातांतून गेली याचा हिशेब कोण ठेवतो? मागच्याची चूक ठिपक्यानं जशीच्या तशी जपली जाते, आणि ‘होतं तसंच बसवलं’ म्हणणाऱ्याला आपण चूक बसवली हेही उमगत नाही.

याच्याच बाजूला एक उलटा गैरसमज आहे, तो जास्त वेळ खातो. कॅम काढलेले असताना क्रँक कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणायचा की एक्झॉस्टच्या, या प्रश्नावर तासभर वाद होऊ शकतो. एका सिलिंडरच्या गाडीत कॅम बाहेर असेपर्यंत या प्रश्नाला अर्थच नाही. पिस्टन वर आला की वर आला; तो कॉम्प्रेशनचा वर की एक्झॉस्टचा वर, हे वॉल्व्ह ठरवतात, आणि वॉल्व्ह कॅम ठरवतो. कॅम खुणेवर बसला की तो टीडीसी कॉम्प्रेशनचा होतो. दोन कॅमच्या इंजिनात एक कॅम जागेवर असेल, तर मात्र दुसरा त्याच्याशी जुळला पाहिजे. व्ही-ट्विनमध्ये तर ही बाब अगदी कळीची: एका सिलिंडरचा कॅम बसल्यावर दुसऱ्यासाठी क्रँक किती अंश फिरवायचा हे मॅन्युअल सांगतं, आणि तिथं नेमका एक फेरा चुकला तरी सगळ्या खुणा जुळतात, फक्त दोन सिलिंडर पेटण्यामधलं अंतर बदलतं. खुणांची मर्यादा याहून स्पष्ट दिसणार नाही.

मग हा एक फेऱ्याचा भेद पकडायचा कसा? खुणांकडं न बघता. पिस्टन टीडीसीला असताना क्रँक दोन्हीकडं थोडा थोडा हलवून वॉल्व्ह पाहायचे. एका बाजूला एक्झॉस्ट हलतो, दुसऱ्या बाजूला इनटेक, तर तो ओव्हरलॅप. तिथं एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनटेक उघडायच्या बेतात असतो. दोन्ही वॉल्व्ह निश्चल राहिले आणि टप्पेटला फट जाणवली, तर तो कॉम्प्रेशनचा टीडीसी. होंडाच्या आडव्या १०० सीसी इंजिनात हे पाहणं अगदी सोपं: मॅग्नेटवरची ‘टी’ खूण लावा, कॅमच्या स्प्रॉकेटवरचा ‘ओ’ हेडच्या खाचेसमोर आला की रॉकर दोन्ही सैल. आणखी एक पूर्ण फेरा दिला की मॅग्नेटवर ‘टी’ पुन्हा येतो, पण ‘ओ’ समोरच्या बाजूला गेलेला असतो आणि दोन्ही रॉकर ओव्हरलॅपमध्ये झुलतात. खुणा खोट्या ठरू शकतात: मॅग्नेटची की कातरली गेलेली असेल, स्प्रॉकेट दुसऱ्याच गाडीचं बसवलेलं असेल. वॉल्व्हची हालचाल मात्र खोटं बोलत नाही.

तिसरा आक्षेप आजचा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, जवळजवळ प्रत्येक नव्या गाडीत ईसीयू आला. कॅम चुकला तर दिवा लागेल की. लागेलच असं नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांत सेन्सर असतो तो क्रँकवर. कॅमवर तो नसतोच. इंजिन कोणत्या फेऱ्यात आहे हे ईसीयू इनटेकच्या नळीतल्या दाबाच्या चढउतारावरून ओळखतो. कॅम एक दात चुकला तर त्या दाबाचं चित्र बिघडतं, पण ईसीयू त्याचा अर्थ ‘कॅम चुकला’ असा लावत नाही. तो पेट्रोल कमीजास्त करून आयडलिंग सांभाळायचा प्रयत्न करतो. म्हणजे पूर्वी कार्ब्युरेटरच्या गाडीत निदान आयडलिंग लागेना म्हणून संशय तरी यायचा. आता तोही पुष्कळदा झाकला जातो. यंत्र जितकं समजूतदार, तितकी चूक लपायला जागा जास्त.

एक आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. दोन फेरे देऊनही खुणा पाव-अर्ध्या दातानं कमी पडतात, असं खरंच होतं. चेन वापरानं लांबते. ताणलेली बाजू समजा २२० मिलिमीटर असेल आणि चेन एक टक्क्यानं लांबली असेल, तर कॅम २.२ मिलिमीटर मागं पडतो. ६.३५ मिलिमीटर पिचच्या, ३२ दातांच्या स्प्रॉकेटवर याचे सुमारे चार अंश होतात, म्हणजे क्रँकचे आठ. हेड घासून घेतलं असेल तर कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि तसंच घडतं, पण कमी. अर्धा मिलिमीटर घासलं तर क्रँकचे जेमतेम दोन अंश. अशा वेळी दुसऱ्या दातावर टाकून पाहायचं आणि ज्यात खूण कमी चुकते ते ठेवायचं, ही गॅरेजची रीत चुकीची नाही. पण चूक अर्ध्या दाताच्या जवळ गेली असेल तर चेनचं आयुष्य संपलं आहे, तिला दुसऱ्या दातावर ढकलून काय साधणार? आणि जिथं काटेकोर उत्तरच हवं, रेसच्या इंजिनात किंवा हेड बरंच घासलेलं असताना, तिथं अंशांची चकती क्रँकला लावायची, पिस्टनला स्टॉप देऊन टीडीसी मोजायचा आणि डायल गेजनं वॉल्व्हची उचल पाहायची. रोजच्या स्प्लेंडरला हे करा म्हणणं हास्यास्पद होईल. दोन फेरे मात्र स्प्लेंडरलाही परवडतात.

राहता राहिला वेळेचा आणि पैशाचा मुद्दा, आणि गॅरेजवाल्याच्या बाजूनं तो सर्वांत खरा आहे. हाफ इंजिनाच्या कामाचा भाव ठरलेला. त्यात पंधरा मिनिटं जास्त गेली तर ती गिऱ्हाईक देत नाही, आणि ती दिसतही नाहीत. नवा पिस्टन दाखवता येतो, जुन्या रिंगा पिशवीत घालून देता येतात. तपासणी दाखवता येत नाही. पण हिशेब दुसऱ्या बाजूनंही मांडावा. परत आलेली गाडी पुन्हा टाकी काढण्यापासून सुरू होते, आणि त्या वेळेचे पैसे तर कुणीच देत नाही. ‘उचलत नाही’, ‘ॲव्हरेज पडलं’, ‘गरम होते’ अशा तक्रारीनं हेडकाम झालेली गाडी दारात येते, कॉम्प्रेशन कमी निघतं आणि बोअरची गोष्ट निघते. त्या क्षणी सिलिंडर उतरवायची घाई करू नये. प्लग आणि टप्पेटचं कव्हर काढावं, मॅग्नेटच्या खिडकीतून ‘टी’ खूण पाहत क्रँक चालत्या दिशेनंच हातानं ओव्हरलॅपपर्यंत आणावा, आणि पिस्टन नेमका वर असताना दोन्ही वॉल्व्ह कुठं आहेत ते बघावं. रेसचे कॅम नसलेल्या साध्या गाडीत तिथं दोन्ही जवळजवळ सारखेच, किंचित उघडे दिसायला हवेत. एक्झॉस्ट सरळसरळ उघडा आणि इनटेक अजून पूर्ण मिटलेला असेल तर कॅम मागं आहे. मग स्प्रॉकेटचं झाकण उघडून एक दात सुधारायचा, टेन्शनर बसवायचा, दोन फेरे द्यायचे आणि कॉम्प्रेशन गेज पुन्हा लावायचं. काटा तरीही खालीच राहिला, तर बोअरचा विषय काढायला हरकत नाही.